तोंडातल्या टाचण्या

मास्तरांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नाही. ते कपडे शिवायचे, आणि कपडे शिवणाऱ्याला मास्तर म्हणतात म्हणून ते मास्तर. रस्त्याकडेची खोली म्हणजे दुकान, मागच्या दोन खोल्या म्हणजे घर, आणि मध्ये उरलेल्या कापडांचे तुकडे जोडून केलेला पडदा. सकाळी मशीनवरचं फडकं निघालं की मास्तरांच्या तोंडात टाचण्या जायच्या, त्या दिवे लागल्यावरच बाहेर यायच्या. टाचण्यांना डबी होती. मनगटाला बांधायची छोटी गादीही बायकोने हौसेने करून दिली होती. पण ओठांत टाचण्या नसल्या तर मास्तरांचा हातच चालत नसे. त्यामुळे माणूस दिवसभर मुका. गिऱ्हाइकाने काही विचारलं तर एक ‘हं’, नाहीतर एक ‘अंहं’. कुठला ‘हं’ होकाराचा आणि कुठला ‘आता टळा’चा, हे फक्त बायकोला पडद्याआडून कळायचं.

स्वभावाने मास्तर वाईट नव्हते. जळके होते. समोर तयार कपड्यांचं दुकान निघालं तेव्हा त्यांचं पोट दुखलं, आणि वर्षभरात ते बंद पडलं तेव्हा थांबलं. लहानपणी थोरल्या भावाच्या शर्टाला दोन खिसे होते आणि आपल्याला एक, हे ते अजून विसरले नव्हते. पण त्यांचा खरा जळफळाट राखून ठेवलेला होता तो साडूसाठी. साडू गाडी शिकवायचा. दिवसभर शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून “क्लच! ब्रेक! अहो बाई, आरशात स्वतःला नका बघू, मागे बघा!” असं ओरडून ओरडून त्याचा घसा असा तयार झाला होता की तो घरात शिरायच्या आधी त्याचा आवाज शिरायचा. आणि मास्तरांना समजत नसे ते असं, की हा आवाज लोकांना आवडायचा.

गेल्या वर्षी लेक शाळेतून धावत आली होती. धावण्याच्या शर्यतीत पहिली. दप्तर खांद्यावर, चेहरा लाल. मास्तर एका जाड्या गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही बसवत होते. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, “हं.” खूश असलेला ‘हं’ होता तो, त्यात काही खोट नव्हती. लेक क्षणभर उभी राहिली आणि पडद्यामागे गेली. मग फोनवर तिचा आवाज आला, “काका, ऐका ना, मी पहिली आले!” आणि पलीकडून साडूची अशी आरोळी उठली की ती दुकानापर्यंत पोचली. टाचणी मास्तरांच्या ओठात रुतली. ‘कानामागून आली आणि तिखट झाली’ ही म्हण त्यांना त्या वेळी साडूला लागू करावीशी वाटली.

तरीही एक जीव असा होता की जो फक्त मास्तरांचा होता. तो म्हणजे बटण. तांबूस अंगाचं, एक कान उभा आणि एक पडका असं ते कुत्रं पिल्लू असताना दुकानात शिरलं, चिंध्यांच्या ढिगावर झोपलं आणि उठल्यावर पहिलं काम काय केलं, तर एका मॅडमच्या कोटाचं बटण गिळलं. तेच नाव पडलं. तेव्हापासून त्याचा मुक्काम मशीनखाली, मास्तरांच्या उजव्या पायाशी. मास्तरांनी त्याला कधी हाक मारली नाही. मारणार कशी, तोंडात टाचण्या. कात्री हवेत दोनदा ‘कचक्-कचक्’ केली की बटण हजर. लाकडी पट्टी टेबलावर आपटली की बाजूला. मशीन सुरू झालं की झोप. एवढ्यावर दोघांचा संसार उत्तम चालला होता, आणि लेकीने किंवा बायकोने कितीही “बटण, बटण” केलं तरी तो आधी मास्तरांच्या हाताकडे बघायचा. हे मास्तरांना अमृतासारखं गोड लागायचं.

समुद्राची कल्पना अर्थात साडूची. त्याने किनाऱ्यावरचं एक लहान घर आठवडाभरासाठी ठरवलं, गाडी त्याचीच, “आणि बटणलाही घ्या, त्याला कुठे ठेवणार?” असं तोच म्हणाला. मास्तर ‘अंहं’ म्हणाले. बायकोने ऐकलं आणि बॅगा भरायला घेतल्या.

“शिवणकामातलं काहीही घ्यायचं नाही,” तिने बजावलं. “कात्री नाही, टेप नाही. टाचणी दिसली तर समुद्रात टाकीन. तुम्हाला नाही, टाचणीला.”

मास्तरांनी गुपचूप सुईदोऱ्याची एक काडेपेटीएवढी डबी तेवढी खिशात घातली.

साडूची गाडी म्हणजे शिकवायची गाडी. शेजारच्या सीटसमोरही ब्रेक. त्या सीटवर मास्तर बसले. मागे दोघी बहिणी, लेक आणि बटण. गाव मागे पडलं तसं बटण उठला, पुढच्या दोन सीटांच्या मधून त्याने तोंड काढलं आणि ते साडूच्या खांद्यावर ठेवलं. मास्तरांचा पाय आपोआप दाबला गेला. गाडी अशी थांबली की मागे मेहुणीच्या हातातली बिस्किटं पुढच्या काचेवर आली.

“मास्तर!” साडू ओरडला. “पाय आवरा!”

मागे सगळे हसत होते. मास्तरांनी पाय आवरला.

घराच्या मागूनच पायवाट होती. एका बाजूला गवताचा उतार, दुसऱ्या बाजूला खाली खडक आणि पाणी. सकाळ-संध्याकाळ सगळ्यांनी त्या वाटेने चालायचं, असं साडूने जाहीर केलं. पहिल्याच संध्याकाळी बटणचा पट्टा काढला आणि तो कानात वारं शिरल्यासारखा सुटला. इतका लांब गेला की मास्तर जागीच थांबले. हात सवयीने कात्रीकडे गेला. कात्री नव्हती. तेव्हा त्यांनी तोंड उघडलं.

“बटण. ये.”

बटणने वळूनही पाहिलं नाही.

“बटण, अरे ये!”

काही नाही. तो एका खेकड्याच्या बिळात नाक घालून उभा होता. मग साडूने कमरेवर हात ठेवले, छाती भरून घेतली आणि म्हणाला, “बटण! स्टॉप! रिव्हर्स!” बटण दचकला, वळला आणि कान उडवत सरळ साडूच्या पायाशी येऊन बसला.

“बघा मास्तर,” साडू म्हणाला, “एका धड्यात लायसन!”

लेक पोट धरून हसली. मेहुणी म्हणाली, “भाऊजी, तुमचं कुत्रं तर फितूर झालं हो!” तिने ते गमतीने म्हटलं होतं. पण मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फितूर. अगदी बरोबर शब्द होता तो.

पुढचे दिवस त्यांनी त्या फितुरीचे पुरावे गोळा करण्यात घालवले. बटण आता साडूच्या खोलीच्या दाराशी झोपायचा, त्याच्या चपलेवर हनुवटी टेकून. मास्तरांनी खिशातून बिस्किटं नेली. बटणने ती सभ्यपणे खाल्ली आणि तो साडूकडे गेला. मास्तरांनी स्वतःची चप्पल साडूच्या चपलेशेजारी ठेवून पाहिली. सकाळी बटण साडूच्या चपलेवर आणि मास्तरांची चप्पल ओट्याखाली कुणीतरी लाथाडलेली. त्यात लेकही काकांच्या बाजूला. गिअर कसा टाकायचा, उतारावर गाडी कशी धरायची, शाळेतल्या बाई कशा बोलतात; दिवसभर दोघांचं चालू. ही मुलगी इतकं बोलते हे मास्तरांना ठाऊकच नव्हतं. ते मागून एकटे चालायचे, तोंड रिकामं आणि मन भरलेलं.

“एवढं काय झालंय तुम्हाला?” बायकोने विचारलं.

“काही नाही. मोठ्या आवाजाला कुत्रं भुलतं. आणि माणसंही.”

“मग तुम्हीही मारा की मोठ्याने हाक.”

“मला नाही जमत कुत्र्यासारखं भुंकायला,” मास्तर म्हणाले आणि तरातरा पुढे गेले.

सगळ्यात जास्त जळायचे ते खडकांपाशी. साडू वजनदार असला तरी चपळ. वाट सोडून तो खाली उतरायचा, एका खडकावरून दुसऱ्यावर टांग टाकायचा, आणि बटण त्याच्यामागे. जन्मभर मशीनचं पायडल मारून मास्तरांचे गुडघे कुरकुरत होते. त्यांना खडकांवर जाता येत नसे. साडू खाली गेलाच नाही, तर कुत्रं वाटेवर राहील, आपल्याजवळ राहील, असं त्यांच्या डोक्यात घोळू लागलं.

आणि नेमकी साडूची पँट उसवली. खाली वाकताना मागची शिवण सुटली. तो हसत हसत ती घेऊन आला.

“मास्तर, घरात देव असताना बाहेर कशाला जायचं? एवढी शिवा. आणि जमलं तर मांडीत जरा सैल करा, हवा खाऊन फुगलोय.”

मास्तरांनी पँट उलटी केली. तयार पँट, आत सोडलेलं कापड दोऱ्याएवढंसुद्धा नव्हतं. सैल करता येणार नाही, एवढं सांगायला हवं होतं. ते ‘हं’ म्हणाले. मग खिडकीशी बसून त्यांनी मागची शिवण घातली आणि दोन्ही मांड्या बोटभर आत घेतल्या. हाताने, बारीक दुहेरी टाक्यांची शिवण, बाहेरून देवालाही दिसणार नाही अशी. कात्री नव्हती म्हणून दोरा दातांनी तोडला. इतकं सुबक काम त्यांनी बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं. बायको दारात येऊन बघून गेली.

दुसऱ्या दिवशी साडूने पँट चढवली आणि त्याचा चेहरा पडला. “एका रात्रीत एवढा?” असं म्हणून त्याने सकाळचं दुसरं अंडं परत केलं. मास्तरांनी ते घेतलं आणि चवीने खाल्लं.

संध्याकाळी फिरायला निघाले तेव्हा साडू बगळ्यासारखी पावलं टाकत होता. खडकांकडे त्याने नुसतं पाहिलं आणि तो वाटेवरूनच चालत राहिला. मास्तर मनात म्हणाले, झालं काम. पण बटणला शिवणीचं काय कळणार? तो सवयीने खाली उतरला. एक पांढरा पक्षी टोकाच्या खडकावर बसला होता. बटण त्याच्यामागे धावत सुटला, शेवटच्या खडकावर चढला, पक्षी उडाला, आणि बटण तिथेच राहिला. भरती लागली होती. मघाशी जिथून तो उडी मारून गेला होता, तिथे आता पाणी फेसाळत घुसत होतं.

“बटण! कम! फॉरवर्ड!” साडू ओरडला. एरवी अर्धा रस्ता दणाणून सोडणारा तो आवाज लाटांत कुठल्या कुठे गेला. बटणने शेपूट पोटाखाली घातलं आणि तो आणखी मागे सरकला.

“तो पडेल!” लेक किंचाळली. “काका, तो पडेल!”

साडू उतरला. त्याने एक क्षणही विचार केला नाही, हे मास्तरांनी पाहिलं. तो पाण्याच्या फटीपर्यंत पोचला, पलीकडच्या खडकावर ठेवायला त्याने पाय उचलला. नेहमीची टांग, रोज टाकायचा तशी. पाय अर्ध्यात अडकला. कापड ताणलं, फाटलं, तोल गेला आणि साडू धाडकन पाण्यात. पाणी छातीएवढंच होतं, पण गुडघा खडकावर आपटला. मेहुणी ओरडत धावली, लेक धावली, दोघींनी त्याला बखोट धरून बाहेर ओढलं. गुडघ्यातून रक्त येत होतं.

मास्तर मागे उभे होते. तो पाय कशाने अडकला हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि दुसरी त्यांच्या शेजारी उभी होती. तिने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

मास्तर खाली उतरले. गुडघे कुरकुरले, एकदा बसकण मारली, पण उतरले. “बटण!” ते ओरडले. आवाज किरटा निघाला. “बटण, अरे मी आहे! मी!” बटणने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कुणीतरी परका माणूस ओरडतोय, एवढंच त्याच्या लेखी. पुढची लाट खडकाच्या माथ्यावरून गेली आणि त्याचे मागचे पाय घसरले.

मास्तरांचा हात हवेत उठला होता. अंगठा आणि बोटं मिटत होती, उघडत होती. कात्री नव्हती. पायाशी शिंपल्या पडल्या होत्या, जाड, निळ्या-काळ्या. त्यांनी दोन उचलल्या, हातात धरल्या आणि एकीवर दुसरी आपटली.

कचक्-कचक्.

बटणचा पडका कान उभा राहिला. मान वळली.

कचक्-कचक्.

त्याने पाण्याकडे पाहिलंच नाही. त्याने मास्तरांच्या हाताकडे पाहिलं आणि उडी टाकली. एकदा बुडाला, वर आला, पाय मारत खडकाशी पोचला. मास्तरांनी मानगूट धरून त्याला ओढून घेतलं. अंग झाडून तो त्यांच्या उजव्या पायाशी येऊन बसला, मशीनखाली बसायचा तसाच.

मास्तरांना आनंद झाला. कुत्रं वाचल्याचा तर झालाच, पण जिंकल्याचाही झाला, आणि साडूच्या रक्ताळलेल्या गुडघ्याकडे पाहूनही तो कमी झाला नाही. बघा, कुणाचं आहे ते कुत्रं, असं त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं.

“बाबा, हे काय केलंत तुम्ही?” लेकीने विचारलं. ती अजून रडतच होती.

“कात्री,” तिची आई म्हणाली. “दुकानात त्याला कात्रीनेच बोलावतात.”

“नेहमी?”

“तोंडात टाचण्या असतात ना,” मास्तर म्हणाले. जरा फुशारकीनेच म्हणाले.

लेकीने नाक पुसलं. “म्हणजे तो फितूर झालाच नव्हता. त्याने तुमचा आवाज कधी ऐकलाच नव्हता, त्याला कसा कळणार?” मग बटणच्या ओल्या पाठीवर हात फिरवत ती सहज म्हणून गेली, “आम्ही तरी कुठे ऐकलाय.”

ती टोमणा मारत नव्हती. मारला असता तर मास्तरांना राग धरता आला असता. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती हसेल, “काहीतरीच काय गं” म्हणेल, असं त्यांना वाटलं. ती पदराने साडूचा गुडघा बांधत होती आणि तिने मान वर केली नाही.

घरी आल्यावर साडूने फाटकी पँट त्यांच्यासमोर धरली. “मास्तर, तुमच्या हाताला सलाम! कापड दोन्हीकडून फाटलं हो, पण तुमचा टाका एक सुटला नाही. कंपनीवाल्यांनी शिकावं तुमच्याकडून!” तो मनापासून म्हणत होता. मास्तरांनी पँट हातात घेतली. काय सांगायचं ते सगळं तोंडाशी आलं होतं, आणि तोंडात एकही टाचणी नव्हती, तरी निघालं ते ‘हं’च.

“उसवा ते,” साडू आत गेल्यावर बायको म्हणाली. “शिवताना तुमचा चेहरा बघितला होता मी.”

“मग तेव्हाच का नाही बोललीस?”

“तुमच्याशी बोलायची सवय राहिलीय कुठे मला?”

मास्तरांनी सुई घेतली आणि खिडकीशी बसून आपलेच टाके एकेक करून उसवले. शिवण्यापेक्षा उसवायला जास्त वेळ लागला. उसवून झाल्यावर ते साडूच्या खोलीत गेले, दार लावलं आणि सांगितलं. तो काय म्हणाला ते बाहेर ऐकू आलं नाही. साडूचा आवाज दाराबाहेर न येण्याची ती पहिलीच वेळ.

शेवटच्या सकाळी सगळे पुन्हा त्या वाटेने निघाले. साडू काठी घेऊन लंगडत पुढे, गुडघ्याला फडकं, पायात ढगळ पायजमा. त्याच्या एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला बटण. एवढं होऊनही बटण पुन्हा तिकडेच. मागून मास्तर. उजव्या खिशात दोन शिंपल्या होत्या आणि त्यांवर हात होता.

एकदा वाजवल्या की येईल. सगळ्यांसमोर, साडूच्या पायातून निघून, उड्या मारत येईल. मास्तरांना ते इतकं हवंसं वाटत होतं की बोटं दुखत होती. पोटात अजून जळत होतं, काडीचंही कमी झालं नव्हतं.

त्यांनी तोंड उघडलं.

“बटण,” ते म्हणाले. घसा खाकरला. “बटण, ये.”

बटण पुढे चालत राहिला. वारा होता, ऐकू गेलं नसेल.

“बटण!”

बटणने वळून पाहिलं नाही. लेकीने पाहिलं. ती थांबली, वाऱ्याने तोंडावर आलेले केस तिने बाजूला केले आणि बापाकडे बघत राहिली. काका पुढे गेले, कुत्रं पुढे गेलं, ती तिथेच.

“बाबा,” ती म्हणाली, “तो नाही यायचा एवढ्यात. मी येऊ?”

मास्तरांनी खिशातला हात रिकामाच बाहेर काढला.